हात धुवायला पाणी

उजवा गाल

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा धाकटा दुकानात येतो आणि खुर्चीत बसतो. एकोणीस वर्षांचा आहे. थोरला भाऊ मारला गेल्यापासून टोळी तोच चालवतो. बरोबर जाड्या. तो दारात उभा राहून शटर अर्धं खाली ओढतो.

न्हावी धाकट्याच्या अंगावर कापड टाकतो. कापडाखाली पिस्तूल आहे हे तिघांनाही माहीत आहे. गोदामाच्या रखवालदाराला धाकट्यानं गोळी घातली ती याच दुकानासमोर. न्हाव्यानं काचेतून पाहिलं. उद्या कोर्टात तो ते सांगणार आहे.

"दाढी, की दुसरं काम?" न्हावी विचारतो.

"आधी दाढी करा, काका. मग काम."

आधीचे

धाकट्याचा एक नियम आहे. मारण्याआधी तो माणसाला प्रार्थना म्हणू देतो. घाई करत नाही. म्हणून झाली की माणूस स्वच्छ होतो, सरळ वर जातो, आणि त्याचा नरक पाठवणाऱ्याच्या माथी लागत नाही. स्वतःच्या पापांचं धाकटा म्हातारपणी पाहणार आहे. रखवालदारानं तर दोनदा म्हटली होती.

जाड्याला ही नसती पीडा वाटते. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

हनुवटी

"मान वर कर."

धाकटा करतो. वस्तरा गळ्यापाशी येतो.

"माझ्या हातात काय आहे, दिसतंय ना?"

"दिसतंय. माझी प्रार्थना मी सकाळीच म्हणून आलोय. आता तुम्ही म्हणा."

"मी म्हणत नाही."

"मनातल्या मनात म्हणा."

"मनातही नाही. अख्ख्या जन्मात देवाला त्रास दिला नाही, आता तुझ्या सोयीसाठी देऊ?"

जाड्या फिसकन हसतो. "धाकटे, आटपा. देव काय हजेरी घेत बसलाय?"

"गप रे. हे असेच गेले तर खाली जातील. माझ्यामुळे."

"म्हणजे म्हटलं नाही तोवर मी जिवंत," न्हावी म्हणतो.

न्हावी वस्तरा पुसतो. गळा कापता आला असता. हाताला ते वळणच नाही.

डावा गाल

धाकटा तोड काढतो. काकांच्या वतीनं आपणच म्हणायची. तो डोळे मिटतो.

"दार उघडं ठेव. दिवा लावून ठेव. आणि आत घे."

"मधलं खाल्लंस," न्हावी म्हणतो. कल्ला वाकडा दिसला की त्याचा हात जसा आपसूक जातो, तसं तोंड गेलं. "हात धुवायला पाणी दे, मग आत घे. असं आहे ते. धड शिकवतही नाहीत पोरांना. आमची आई रोज..."

तो थांबतो. आरशातून धाकटा त्याच्याकडे बघतोय.

"म्हटलीत की, काका."

"ते नुसतं पाठ आहे. मी मानत नाही."

"पाठ असलं तरी..."

धाकटा अडखळतो. त्याच्याकडेही जे आहे ते पाठच आहे, आणि तेसुद्धा एक ओळ कमी. काकांचं धरलं नाही, तर सकाळचं त्याचंही धरलं जाणार नाही.

बराच वेळ तो आरशात बघत राहतो. गालावरचा साबण वाळतो.

"भागतं," तो म्हणतो. "जाड्या, शटर."

जाड्याचा जबाब

शटर मी ओढलं. आत आवाज एकच झाला. धाकटे बाहेर आले तेव्हा डाव्या गालाला साबण तसाच. मी म्हटलं, पुसा की. ऐकेनात. म्हणाले, आधी हात धुवायला पाणी बघ. भरदुपारी अर्ध्या दाढीचा माणूस नळ शोधत फिरतोय म्हटल्यावर लोक बघणारच. चौकातच धरलं आम्हाला.

वाटेत विचारत होते, पाठ असून भागतं ना रे? मी म्हटलं, भागतं, तुम्ही चला.

आता त्यांची कोठडी माझ्या शेजारी आहे. भिंतीवर टकटक करतात आणि तेच विचारतात. साहेब, तुम्हाला यातलं काही कळत असेल तर एकदाचं सांगून टाका त्यांना. मी ‘भागतं’ म्हटल्यानं त्यांचं भागत नाहीये.