पडद्याचा झगा

खट्ट! मनीच्या आईने कात्री टेबलावर ठेवली आणि दुपारभर मुकं असलेलं घर दचकलं. पाळण्यातलं तान्हं चुळबुळलं, पुन्हा झोपी गेलं. मी आईच्या मांडीवर होतो. तिच्यासमोर पांढरी लेस होती, निळी फीत होती, आणि तिचं काही केल्या ठरत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. शाळेच्या प्रार्थनागृहात गाणारी मुलं घालतात तो, मानेपासून घोट्यापर्यंतचा. त्याआधी मी तिथल्याच खिडकीचा पडदा होतो. विटलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पायपुसणी करा." पण गाणं शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, आधी धुऊन तर बघा!" मला धुतलं, नीळ दिली, बेतलं, आणि माझा झगा झाला.

मी मनीच्या वाट्याला आलो. शाळेच्या लेखी मनी मुलगा होती. मुलांचा गणवेश, मुलांची रांग. "मी मुलगी आहे," असं तिने आईला फार लहानपणीच सांगितलं होतं. आईने ते आधी हसण्यावारी नेलं, मग ती रडली, आणि शेवटी तिने लेकीला जवळ घेतलं. शाळेत मात्र मनी गप्प. गणवेशात तिचे खांदे कायम आखडलेले असायचे. मला डोक्यावरून घातलं की ते सैल पडत. झग्यात सगळी मुलं सारखीच दिसतात ना! मग तिचा आवाज असा निघे, की सिस्टरांची ऑर्गनवरची बोटं रेंगाळत. "देवानं अगदी सवडीनं केलाय हो हा आवाज," त्या म्हणत. मीही उगाच फुगून जायचो.

मग वार्षिक उपासना जवळ आली. मुख्याध्यापक फादरांनी ठरवलं, मुलींच्या झग्याला लेस, मुलांच्या झग्याला फीत, आणि रांगा वेगवेगळ्या. मनीने हात वर केला. "मला लेस हवी."

"लेस लावून नाचणार काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे खो खो हसले.

फादरांनी आईला बोलावलं. मी मनीच्या हातावर घडी होऊन सगळं ऐकत होतो.

"बाई, मी काही दुष्ट माणूस नाही," ते खरंच हळू बोलत होते. "पण ही शाळा आमच्या श्रद्धेनं चालते. बाकीच्या पालकांना मी काय सांगू?"

"सांगा, छान गाते म्हणून."

तिथंच बसलेल्या सिस्टरांनी तोडगा काढला. "ऑर्गनमागं पडदा आहे ना, तिथून गाऊ दे तिला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल. लेस नको, फीत नको, झगासुद्धा नको." त्यांचे डोळे भरून आले होते. आपण पोरीला वाचवलं, असंच त्यांना वाटलं. माझ्यावरची मनीची बोटं घट्ट झाली.

"उद्या उपासना आहे, त्याआधी काय ते कळवा," फादर म्हणाले.

मित्रांनो, मी पडदा होतो म्हणून सांगतो. गाणं माझ्या पाठीवर येऊन आदळायचं आणि माझं तोंड बंद काचेकडे असायचं. इतक्या माणसांत असूनही मी कुणातच नसायचो. मला डाग पडू नये म्हणून तुम्ही किती जपता! तसंच माझ्या आतल्या लेकराला जपा. माझं मागणं एवढंच आहे.

शेवटी आईने फीत बाजूला सारली. "लेसच लावते. उद्या मुलींच्या रांगेत उभी राहा. नाही म्हणाले, तर मी आहे दारात. दोघी घरी येऊ."

ती माझ्या गळ्याशी टाके घालू लागली. मनी तिच्या गुडघ्याला टेकून बसली. बराच वेळ तिने लेसच्या टोकाशी चाळा केला.

"आई, पडद्यामागून गायले तर त्यांना आवडेल. पुढं उभी राहून गायले तर नाही आवडणार. पण आवाज तर तोच आहे ना गं?"