पट चोवीस

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण माझ्यावर कोणी कधी धडा शिकवला नाही. शाळेच्या पडवीत, मोठ्या बाईंच्या खोलीच्या दाराशी मला भिंतीतच बसवलं आहे. पटावर मुलं किती, मुली किती आणि आज हजर किती, एवढंच मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

कवठे येमाईच्या पुढं आमची वस्ती आहे. हौसराव गवंड्यानं मला सिमेंटात घोटून गुळगुळीत केलं, तेव्हा शाळेला दोनच खोल्या होत्या. मुलं कोळशाची पूड आणि पाला घासून मला काळं करायची. पुढं ऑइलपेंट आला. पटाचा आकडा पांढऱ्या रंगानं लिहू लागले, तो वर्षभर टिके. हजेरीचा आकडा खडूनं, तो रोज पुसला जाई. दोन्हींतला खरा कोणता, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

तेव्हा माझा मान मोठा होता. तपासणीला आलेले साहेब आधी माझ्यापुढं थांबत. बागायतदारांची, मेंढपाळांची, सुतारालोहारांची मुलं एका ओळीत उभी राहून माझ्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत. मग कधीतरी वस्तीवर शिरूरची पिवळी बस येऊ लागली. बागायतदारांची मुलं तिच्यात बसली. त्यांच्या जागी ऊसतोडीला आलेल्यांची आणि कंपनीत कामाला आलेल्या हिंदी बोलणाऱ्यांची मुलं आली. मला वाटायचं, आता माझा आकडा पडणार. तो पडला नाही. सहावी ते आठवी मिळून गेल्या साली चोवीस, यंदाही चोवीस. मग बदललं काय? मला काही उमगेना.

त्यात माझ्यावर एक नवा रकाना आखला गेला: ‘मराठी वाचन येते’. गेल्या साली त्यात सतरा लिहिले, यंदा फेब्रुवारीत नऊ. मला माझीच लाज वाटली. तीच भिंत, त्याच सुषमाबाई शिकवणाऱ्या, तेच चोवीस. मग आठ मुलं वाचायला विसरली कशी?

एप्रिलात शाळा समितीची बैठक माझ्यापुढंच सतरंजी टाकून भरली. अध्यक्ष बापूसाहेब, वस्तीतले मोठे बागायतदार; त्यांना सगळे आप्पा म्हणत. वरचे तीन वर्ग बंद करून मुलांना सात किलोमीटरवरच्या हायस्कुलात पाठवावं, असा ठराव त्यांनी लिहून आणला होता. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिथं निकाल चांगला लागतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

सतरंजीच्या कडेला म्हस्कू बसला होता, त्याच्यामागं त्याची मुलगी म्हाळसा. म्हाळसा सातवीत होती. दर दिवाळीनंतर म्हस्कूचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन दौंडकडं उतरतं. पाटस-खुटबावच्या बाजूला ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. म्हाळसा सुषमाबाईंनी दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन तिकडच्या शाळेत बसते. यात्रेसाठी दोघं चार दिवस परत आली होती.

ठराव वाचून झाल्यावर म्हस्कू हळूच म्हणाला, “आप्पा, सात किलोमीटर हिला सोडाया कोन जानार? आमी रानात. मंग ही मेंढरामागंच ऱ्हाईल.”

बापूसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. “तो फळा काय म्हंतो बघ की. पोरं तीच, बाई तीच, आन् सतराचे नऊ. हितं ठिवून पोरीचं भलं हुनार हाय व्हय?”

मला बोलता येत नव्हतं. येत असतं, तर मीही त्यांच्याच बाजूनं बोललो असतो.

म्हस्कूनं माझ्यावरचे आकडे बघितले. त्याला अक्षर येत नाही, आकडा येतो. “माझ्या वाड्यात गेल्या साली शंभर मेंढरं हुती,” तो म्हणाला. “आजबी शंभरच हायेत. निम्मी इकली, निम्मी नवी आनली. ती शंभर आन् ही शंभर एकच का, आप्पा?”

“म्हंजी आता मेंढरांची बी परीक्षा घ्यायची म्हन,” बापूसाहेब म्हणाले. सगळे हसले.

“घ्या की. पर जुनी कंची आन् नवी कंची, ते आधी निवडा.”

सुषमाबाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी हजेरीपट आणला आणि एकेक नाव वाचलं. चोवीसातली जुनी मुलं दहाच होती. त्यांतल्या आठांना चांगलं वाचता येतं. नव्या चौदांपैकी कित्येकांनी मराठी पुस्तक गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा पाहिलं. त्यांतली एक मुलगी आता वाचते. म्हाळसा तर चाचणीच्या दिवशी पाटसला होती, म्हणून ती न वाचणाऱ्यांत धरली गेली.

बाईंनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं पानभर न अडखळता वाचलं.

“आणि आप्पा,” बाई खाली बघत म्हणाल्या, “गेल्या साली सतरा होते, त्यांत तुमचा सत्यजीत होता. तो पिवळ्या बसनं गेला, त्याच्याबरोबर आणखी चौघं गेली.”

बापूसाहेबांनी नातवाचं नाव ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. मग ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. “ऱ्हाऊ द्या यंदाचं साल,” एवढंच म्हणाले.

जूनमध्ये आठवीचा वर्ग इथंच भरला. म्हाळसा दिवाळीपर्यंत पहिल्या बाकावर होती. आता ती पुन्हा दौंडकडं गेली आहे.

आज माझ्यावर लिहिलं आहे, पट चोवीस, हजर एकोणीस. ती माझ्या पटावर आहे आणि तिकडं हजर आहे. मग ती माझी की त्यांची? मित्रांनो, मला अजूनही नीट कळत नाही. मी इतकी वर्षं आकडे सांगतो आहे, पण एकाही मुलाचं नाव मला कोणी सांगायला लावलं नाही. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा फळा असेल. त्याच्यावरचा आकडा वाचलात, तर लगेच पुढं जाऊ नका. आज जे आले नाहीत ते कोण आणि कुठं आहेत, एवढं बाईंना विचारा.