मास्तरांपुढचं 'आहे'

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या कारखान्यातलं टपालाचं मशीन बदलायचं ठरलं. टपाल म्हणजे ईमेल. वजनकाटे बनवणारा छोटा कारखाना, माणसं तेवीस. मी गोदाम सांभाळायचो आणि माझी सून कॉम्प्युटर. सासरा-सून घरीदारी एकाच छपराखाली, त्यामुळे कोण कुणाचं ऐकतं यावर लोक पैजा लावत.

जुन्या मशीनवर ज्याला टपाल हवं त्याला मशीनचाच रहिवासी करावं लागे, म्हणजे मशीनवरच त्याचं खातं उघडावं लागे. टपालाचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला की अख्खं मशीन उघडं. पत्रपेटीच्या किल्लीनं घराचं दार उघडतं हे बरं नाही, असं सून म्हणायची. आता नव्या मशीननं माणूस ओळखायचा तो कुठल्या यादीवरून, हे तिला ठरवायचं होतं. मालकांचं मत पक्कं होतं: हजेरीच्या यादीवरून. एक विक्रीवाला नोकरी सोडून गेल्यावरही चार महिने आमचं टपाल वाचत होता, ते त्यांना झोंबलं होतं. हजेरीतून नाव गेलं की टपालही आपोआप बंद. सुनेलाही ते पटलं होतं. एकच यादी, डोक्याला ताप नाही.

मला घोर लागला तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे काटे जुळवणारे आमचे जुने कारागीर. बावन्नाव्या वर्षी मला अक्षरं त्यांनी शिकवली, खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लावून. ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला होता. त्यांचं बोलणं उरलं होतं ते त्या टपालात. काटा एका बाजूला का झुकतो, असं जुनी गिऱ्हाइकं त्याच पत्त्यावर विचारत आणि ते सकाळभर उत्तर लिहीत बसत. मलाही रोज एक ओळ यायची, बहुधा माझ्या ऱ्हस्वदीर्घाचे कान पिळणारी. नवा पत्ता घ्या, असं सुचवून पाहिलं. उत्तर आलं, 'पत्ता माणूस मेल्यावर बदलतो.'

अशात सुनेनं जुन्या खात्यांचा कागद माझ्या हातात दिला. प्रत्येक नावापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहा म्हणाली. मी खोक्यावर बसून सगळं लिहिलं. कागद बघून ती हसली.

"बाबा, इथे चुकलात. मास्तरांपुढे 'आहे' लिहिलंय."

"मग? आहेत ना ते."

"अहो, पण कामावर आहेत का?"

"तू आहे-नाही विचारलंस. कामावर, असं कुठे विचारलंस?"

ती पुन्हा कागद वाचू लागली. बोट खाली सरकवत मालकांच्या आईच्या नावापाशी थांबली. त्या बाई कारखान्याचा अर्धा कारभार टपालावर हाकत आणि हजेरीत त्यांचं नाव जन्मात नव्हतं. मग रखवालदार, त्याची हजेरी दुसऱ्याच कंपनीत.

"हजेरी सांगते आज कोण आलं," ती सावकाश म्हणाली. "टपालाला विचारायचंय ते वेगळंच. हा तोच माणूस आहे का."

तोच कागद घेऊन ती मालकांकडे गेली. टपालाची वेगळी छोटी वही ठरली. माणसामागे एक ओळ, आणि पासवर्ड असा दळून ठेवलेला की सुनेलाही वाचता येऊ नये. मोठा डेटाबेस घ्यावा असंही कुणीतरी सुचवलं होतं. तेवीस माणसांसाठी तो म्हणजे मुंगी तोलायला ट्रकचा काटा, असं म्हणून तिनं ते उडवलं. मालकांनी एकच विचारलं, गेलेल्याचं नाव खोडायची आठवण कोण ठेवणार? सुनेनं माझ्याकडे बोट दाखवलं. पैजा लावणाऱ्यांचा त्या दिवशी निकाल लागला.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी कागद घेऊन कारखानाभर फिरायचो आणि सून त्याबरहुकूम खाती बंद करायची. हा सगळा प्रकार मास्तरांना कळवला. उत्तर आलं, 'आहे नव्हे, आहेत लिही. मी तुझा मास्तर आहे.'

सतरा महिने मी त्यांच्यापुढे 'आहेत' लिहिलं. मास्तर नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी वारले.