बाकी काही हरकत नाही

हरकती नोंदवणं हे ठमीचं काम. नगररचना कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत ती बसायची आणि लोक येऊन तिच्या टेबलावर आपापला राग ठेवून जायचे. गावाबाहेरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे लोक ज्याला साधं 'कुरण' म्हणत तिथे, नवी वसाहत उभी करायचं चाललं होतं. ज्यांना घरं हवी होती त्यांनी अर्ज केले होते, ज्यांना गवत हवं होतं त्यांनी हरकती घेतल्या होत्या. ठमी दोघांचंही ऐकून घ्यायची, शिक्का मारायची, पावती द्यायची. ऑफिसात ती 'हरकतवाल्या बाई' होती. ठमी म्हणणारा आता एकच माणूस उरला होता, तिचे वडील.

तिला स्वतःला त्या वसाहतीत घर हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, जीव टांगला होता तिचा त्यात. शहरातल्या दोन खोल्यांत नवरा, ती आणि मुलगी. मुलीचा अभ्यास इस्त्रीच्या टेबलावर, आणि इस्त्री निघाली की अभ्यासाला सुट्टी. पण जागेची अडचण हे झालं नवऱ्याचं कारण. तिचं कारण कुरणाच्या कडेला शेवटच्या घरात एकटं राहत होतं. आई गेल्यापासून बाबांचं सगळं 'ठीक' चाललेलं असायचं. मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले, ते तिला अकरा दिवसांनी शेजारणीकडून कळलं. वर बाबा म्हणाले, थोडं खरचटलं, त्यात काय कळवायचं? तेव्हापासून तिला बाबांच्या हाकेच्या अंतरावर राहायचं होतं. पहिल्या टप्प्याच्या यादीत तिचं नाव एकोणचाळिसावं लागलं होतं. बाबांना तिने अजून सांगितलं नव्हतं. मंजुरी हातात पडली की एकदम सांगू, म्हणून तिने तोंड बंद ठेवलं होतं.

हरकती घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. पाचला रजिस्टर बंद होणार होतं. बाराच्या टपालात एक लिफाफा आला आणि त्यावरचं अक्षर बघून तिच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं मशीन चालवलं, आणि त्या चाळीस वर्षांत कुणाला 'नाही' म्हटलं नाही. गिऱ्हाइकाने कपडा बेतल्यावर गळा बदलून मागितला, हरकत नाही. लग्न उद्यावर आलं आणि आज कापड टाकलं, तरी हरकत नाही. लोक त्यांना 'हरकतनाही मास्तर' म्हणत आणि ते त्यावरही हसत. अशा माणसाने दीड पान भरून हरकत घेतली होती.

'घरं बांधू नका असं मी म्हणत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'लोकांना राहायला लागतंच. पण बंद गिरणीची एवढी जागा पडून आहे, आधी तिथे बांधावीत. माझी पत्नी अकरा महिने अंथरुणावर होती. तिला खिडकीतून कुरण दिसायचं. वारा आला की गवत कुठून कुठे वाकतं ते ती मला सांगायची. आता मी बघतो. मला दुसरं काही बघायची सवय नाही.' आणि शेवटी, सही करण्याआधी: 'आपण जाणती माणसं आहात, योग्य तेच कराल. बाकी माझी काही हरकत नाही.'

हेडक्लार्कने पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा गृहस्थ हरकत घेतोय की संमती देतोय? स्वतःच म्हणतोय हरकत नाही. निकाली काढा."

"ते माझे वडील आहेत."

हेडक्लार्कने चष्मा पुन्हा नाकावर घेतला, पत्ता पाहिला आणि खुर्चीत सरळ झाला. नियम त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या घराची भिंत कुरणाला लागून आहे अशा माणसाने हरकत घेतली, की त्या बाजूचं बांधकाम दुसऱ्या टप्प्यात ढकलायचं. दुसरा टप्पा म्हणजे निदान आठ वर्षं. भिंत लागून असलेलं घर एकच होतं. यादीतली पहिली साठ नावं त्याच बाजूला होती.

"हे शेवटचं वाक्य खोडून, शेजारी सही करून पाचच्या आत आलं, तर मला घ्यावं लागेल," हेडक्लार्क म्हणाला. मग आवाज उतरवून, "नाही आलं, तर तुमच्यासारखी सुखी तुम्हीच. बघा बुवा."

आठ वर्षं. बाबा शहात्तरचे. हा हिशेब करायला तिला कागद लागला नाही. तिने अर्धी रजा टाकली, पत्र पर्समध्ये घातलं आणि बस पकडली. जाऊन नेमकं काय करायचं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

बाबा खिडकीशीच होते. आडवारी मुलगी दारात बघून ते घाबरले, मग हरखले, मग चहाचं भांडं शोधायला लागले.

"चहा राहू द्या. बसा आधी." तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगितलं. अर्ज, एकोणचाळिसावा नंबर, नियम, आठ वर्षं.

"इथे? समोर?" बाबांनी खिडकीबाहेर बोट केलं. "म्हणजे तू संध्याकाळी येशील?"

"रोज येईन."

इतका आनंद तिने त्यांच्या चेहऱ्यावर आई असतानाही क्वचितच पाहिला होता. बाबांनी पत्र उचललं. "मग फाडून टाक हे. मला काय ठाऊक! माझी काही हरकत नाही."

आणि ठमी उसळली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"पुरे झालं हो, बाबा! मी शहरात गेले, तुमची हरकत नव्हती. आई झोपून होती आणि मी फक्त रविवारी यायचे, तुमची हरकत नव्हती. पडलात, तरी नाही! तुम्हाला खरंच काही वाटत नव्हतं की वाटायचं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकतर ही दीड पानं खोडा, नाहीतर हे शेवटचं वाक्य खोडा. दोन्ही ठेवता येणार नाही."

बाहेर वारा सुटला होता. बाबांची मान नकळत तिकडे वळली आणि गवताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली.

"तुला घर हवंय ना?"

"हवंय. फार हवंय."

"मलाही तू हवी आहेस." त्यांनी खिडकीची चौकट धरली. "पण ठमे, हेही हवंय गं. काय करू?"

"खरं असेल ते करा. मी चिडणार नाही." हे खोटं होतं.

त्यांनी कपाटातून कापड आखायची जुनी पट्टी काढली, शेवटच्या वाक्यावर ठेवली आणि पेनाने सरळ रेघ मारली. शेजारी सही केली. रेघ सुताइतकीही वाकडी नव्हती.

घड्याळात पावणेचार झाले होते. स्टॉपकडे जायला कुरणातून पायवाट होती. बाबा पोचवायला निघाले. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, दोघं मागेपुढे चालत होते, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. म्हणूनच बहुधा त्यांना बोलता आलं.

"ठमे. तू बावीस वर्षांची असताना नोकरीसाठी गेलीस ना शहरात."

"हं."

"तेव्हा माझी हरकत होती."

ती थांबली.

"फार हरकत होती," बाबा म्हणाले. "तुझी ट्रंक बसच्या टपावर चढवली आणि वाटलं, खाली ओढावी. आईला म्हणालोही. ती म्हणाली, मग सांगा की तिला. मला नाही जमलं."

तिने मागे वळून त्यांचा हात धरला. तो खरखरीत, बोटांवर सुईच्या जुन्या खुणा असलेला हात तिला सोडवेना. अठरा वर्षं तिला वाटत होतं की आपण गेलो त्याचं या घरात कुणाला फारसं काही वाटलं नाही. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला.

"जा," बाबा म्हणाले. "उशीर होईल. कागद पोचायला हवा."

ती धावत जाऊन बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि हेडक्लार्कला फोन लावला. "निघालेय मी. रजिस्टरात बाबांच्या हरकतीसाठी तीनशे बारा नंबरची ओळ मोकळी ठेवा."

"नीट विचार केलात ना?"

"केला." तिने फोन ठेवला.

बस कुरणाला वळसा घालून निघाली. बाबा पायवाटेवरच उभे होते, हात वर करून. मधे एकही भिंत नव्हती, त्यामुळे गिरणीपाशी रस्ता वळेपर्यंत ते तिला दिसत राहिले.