कॉम्रेड सुकदेव चुकून निवडून येतात

हातगव्हाणच्या लोकांना कॉम्रेड सुकदेवभाऊ फार आवडायचे. फक्त मत द्यावं इतके आवडत नसत. धरणगावापलीकडच्या कापूसपट्ट्यातलं हे गाव. जिनिंगमधल्या बायकांना पाळणाघर मिळालं ते भाऊंच्या मोर्च्यामुळे, हमालांच्या पाठीवरचं ओझं कमी झालं ते भाऊंच्या उपोषणामुळे. मिळालेलं पदरात पाडून घ्यायचं आणि मत मात्र ज्याच्या दारात बोलेरो उभी असेल त्याला टाकायचं, असा गावाचा शिरस्ता होता.

भाऊंचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. हरण्यात त्यांचा हात चांगला बसला होता. निकाल लागला की ते चौकातल्या पानटपरीसमोर उभे राहत आणि असं काही बोलत, की जिंकलेल्याची माणसंसुद्धा डोळ्यांतला गुलाल पुसत थांबत. "हा पराभव माझा नाही, तो झोपलेल्या जनतेचा आहे!" असं भाऊ म्हणत, आणि झोपलेली जनता टाळ्या वाजवी.

पण यंदा घात झाला. नगराध्यक्षपदासाठी दोन्ही मोठ्या पक्षांकडून उभे होते ते एकमेकांचे साडू. सासरच्या एका लग्नात मानपानावरून बिनसलं होतं, ते प्रचारात निघालं. दोघांनी एकमेकांची मतं अशी कापली, की मधल्या मध्ये भाऊ थोडक्यात निवडून आले. खिशात भाषण होतं ते पडल्यावर करायचं. ऐनवेळी दुसरं कुठून आणणार? तेच केलं. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या.

घरी बायको बेबाबाईने औक्षण केलं आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारलं, "आते काय करशात?"

"म्हणजे?"

"म्हणजे, आते मोर्चा कोनावर नेशात?"

भाऊंनी या प्रश्नावर वाचन खूप केलेलं होतं, पण उत्तर कुठेच आलेलं नव्हतं.

महिन्याभरातच प्रसंग आला. इस्लामपुऱ्याला पाणी यायचं बारा-बारा दिवसांनी, आणि साडूंचे बंगले असलेल्या नव्या प्लॉटच्या वस्तीला एक दिवसाआड. इस्लामपुऱ्यातली नाजमीन, जिनिंगमधल्या भाऊंच्याच युनियनची सेक्रेटरी, शंभरेक बायका आणि तेवढे हंडे घेऊन नगरपालिकेवर आली. भाऊ केबिनमध्ये पथदिव्यांच्या कागदावर सह्या करत बसले होते. खालून आवाज चढला, "पाणी आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!"

चाल भाऊंचीच होती. ती कानावर पडताच त्यांचे पाय आपोआप जिना उतरले. शिपाई "साहेब, साहेब" करत मागे धावला, पण भाऊ तोवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि मूठ वळून ओरडत होते, "नगराध्यक्ष मुर्दाबाद!"

बायकांना वाटलं, भाऊ म्हणतायत तर असेल काहीतरी. त्यांनीही साथ दिली. अर्धा तास नगराध्यक्षाला यथेच्छ शिव्या बसल्या. त्यातल्या चांगल्या चांगल्या भाऊंच्या होत्या.

शेवटी नाजमीन जवळ येऊन वाकली. "भाऊ, निवेदन कुणाला द्यायचं?"

"नगराध्यक्षाला! बोलवा त्याला खाली! वर लपून बसलाय!"

"भाऊ," नाजमीन हळूच म्हणाली, "ते कधीचे खाली आलेत."

हे सगळं कुणीतरी मोबाईलवर टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत नशिराबादपासून साक्रीपर्यंत लोक जेवता जेवता बघून हसले. बेबाबाई एवढंच म्हणाली, "बठ्ठा गाव हासी राहिना शे. जेवा आते."

मग जळगावहून पक्षाच्या जिल्हा कमिटीचं बोलावणं आलं. जिल्हा कमिटीत सात माणसं होती आणि तीन गट. सेक्रेटरी भूषणसर, कॉलेजातून निवृत्त झालेले. ते त्या महिन्यात स्पेनमधले डावे सरकारात जाऊन कसे फसले, यावर व्याख्यानमाला देत होते. तिसरं व्याख्यान आटोपून ते भाऊंकडे वळले.

"कॉम्रेड, माद्रिदमध्ये जे झालं तेच हातगव्हाणात होतंय. खुर्ची माणसाला गिळते. तुम्ही तत्त्वासाठी राजीनामा द्या. इतिहास नोंद घेईल."

राजीनामा! भाऊंचे डोळे चमकले. केवढं भाषण होईल! चौक, पानटपरी, गर्दी… पहिलं वाक्य त्यांना तिथल्या तिथे सुचलं. बाहेर पडले तेव्हा चालीत दहा वर्षं कमी झाली होती.

नाजमीन त्यांच्याबरोबर आली होती. व्याख्यान चालू असताना ती मागच्या बाकावर शांतपणे झोपली होती. स्टँडवर बसची वाट बघताना भाऊंनी तिला बेत सांगितला.

"मग त्या खुर्चीवर कोण बसणार?" तिने विचारलं.

"पोटनिवडणूक होईल. त्या साडूंपैकी कुणीतरी."

"आणि आम्ही?"

"आपण लढू! रस्त्यावर उतरू!"

नाजमीनला राग आला की ती फार हळू बोलायची. "भाऊ, माझी सून सात महिन्यांची गरोदर आहे आणि ती रात्री हापशावर जाते. आम्ही रस्त्यावरच आहोत. तिथून उतरून आणखी कुठे जायचं? इतकी वर्षं तुम्ही आम्हाला उठायला शिकवलंत. आता जरा तुम्ही बसायला शिका."

बस आली. धरणगाव येईपर्यंत भाऊ खिडकीच्या दांड्यावर डोकं टेकवून बसले. लोकांना वाटलं, गाडी लागली असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी सोडणाऱ्या खाजाला केबिनमध्ये बोलावलं. "उद्यापासून टाकीचं पहिलं पाणी इस्लामपुऱ्याला. प्लॉटला सगळ्यांसारखं, पाळीनं."

खाजाने दार नीट लागलंय का ते पाहिलं. "भाऊ, मला मारतील."

"माझं नाव सांग. लेखी देतो."

आठवड्याच्या आत साडूंची दिलजमाई झाली. लग्नातल्या मानपानाचं जे भांडण वर्षभर मिटलं नाही, ते एका नळाने मिटवलं. नव्या प्लॉटचा मोर्चा मोटारींतून आला. डॉक्टर होते, अडते होते, शाळेचे संचालक होते. त्यांनी जन्मात घोषणा दिली नव्हती. एकाचं "झिंदाबाद" संपायच्या आत दुसऱ्याचं "मुर्दाबाद" सुरू होई, आणि नेमकं कोण जगावं हे कळत नसे.

भाऊ खिडकीत उभे राहून तळमळत होते. दोनदा त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला. दोन मिनिटं मिळाली असती तर त्यांनी त्या लोकांना ठेका तरी दिला असता. पण ते मागे फिरले आणि खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसले. आयुष्यात लाठ्या खाल्ल्या होत्या, कोठडी पाहिली होती. इतकं अवघड काही केलं नव्हतं. निवेदन घेतलं, चहा पाजला, "बघतो" म्हणाले. सत्ताधाऱ्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून ऐकून त्यांचं रक्त उकळायचं. आज तो किती सोयीचा आहे हे कळलं.

पुढे नगरपालिकेच्या सभेत दोन्ही साडूंच्या गटांनी मिळून भाऊंचा प्रत्येक ठराव पाडला. जिल्हा कमिटीने त्यांना खुर्चीला चिकटल्याबद्दल निलंबित केलं आणि त्या निर्णयावरून स्वतः फुटली. भाऊ बसून राहिले. पाण्याची पाळी बदलली नाही.

एका सकाळी ते इस्लामपुऱ्यात गेले. गल्लीत पाणी आलं होतं. हंडे, बादल्या, ड्रम, पोरं, आरडाओरडा. भाऊंना भरून आलं. ते मधोमध उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "भगिनींनो, आजचा हा दिवस…"

कुणी मान वर केली नाही. शेवटच्या घरातली मदिनाचाची तेवढी रिकामी बादली घेऊन तणतणत आली.

"भाऊ, बाजूला व्हा ना! पाईपावर उभे आहात. आमचं पाणी अडलंय."

भाऊ बाजूला झाले. पाईप जोरात फुरफुरला आणि चाचीची बादली भरू लागली.