सेवकमामांची बढती

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी सेवकमामांच्या बायकोचे, म्हणजे मामींचे, पाय भर चर्चमध्ये धुतले गेले. पण कमिटीच्या मते असं काही झालेलंच नाही, तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून चालू.

"बारा म्हणजे बारा," सेक्रेटरी मामांना आधीच म्हणाले होते. "प्रभूचे शिष्य बाराच होते. मामींसाठी तेरावी खुर्ची कुठून आणू?"

"तुमची द्या की," मामा म्हणाले. "एकाच वर्षासाठी."

सेक्रेटरींना हा विनोद वाटला. ते मनापासून हसले.

मामा चर्चचे सेवक. झाडू, घंटा, दिवे सगळं त्यांच्याकडे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून वर्षातून एकदा, त्या गुरुवारी, पाळकसाहेब गुडघे टेकून कमिटीतल्या बारा पंचांचे पाय धुवायचे. कोमट पाणी मामा आणायचे. या नम्रतेत पहिला नंबर कुणाचा, यावरून पंचांमध्ये हातघाई व्हायची. अध्यक्ष पहिल्या खुर्चीवर, खजिनदार दुसऱ्या; तिसरी मिळाल्यापासून माजी अध्यक्षांनी अबोला धरला होता. सगळे घरूनच पाय घासून, अत्तर लावून यायचे. बाराव्या जोडीनंतरही टबातलं पाणी आरशासारखं असायचं.

मामींचं हृदय थकलं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. "त्या खुर्च्या पुसण्यात जन्म गेला," त्या म्हणाल्या होत्या. "एकदा बसायचंय हो मला." पुढच्या वर्षाचा विषय डॉक्टर काढतच नव्हते.

म्हणून मामांनी घरातली खुर्ची आणून बाराव्या खुर्चीशेजारी ठेवली आणि मामींना हाताला धरून बसवलं.

पाळकसाहेब नवे होते. ते तेराव्या खुर्चीपर्यंत पोचले आणि अध्यक्ष खाकरले. पाळकसाहेब तसेच उठले. "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले.

मामांनी मिटले नाहीत. गुडघे टेकून त्यांनी मामींचा पाय पाण्यात घेतला. बोट दाबलं तिथं खळगा पडला, तो भरलाच नाही.

"अहो, लोक आहेत," मामी कुजबुजल्या.

"लोक प्रार्थनेत आहेत."

"पाणी गार पडलंय."

"पाळकसाहेबांकडे तक्रार कर."

मामी खुदकन हसल्या. त्या हसण्यानं सगळ्यांचे डोळे उघडले.

महिना उलटायच्या आत मामी गेल्या.

मग कमिटी बसली. पाळक वा पंच नसलेल्यानं तिथं गुडघे टेकणं नियमबाह्य. पण नियम मोडला म्हणावं, तर ते घडलं हे मान्य करावं लागत होतं. शेवटी तोड निघाली. मामांना मागच्या तारखेपासून पंच करून टाकलं, म्हणजे नियम मोडलाच नव्हता.

"मामा, आता तुम्ही आमच्यातले!" अध्यक्षांनी मिठी मारली. टाळ्या झाल्या. पंचाच्या हातात झाडू शोभत नाही, तो काढून घेतला. चर्चच्या आवारातली सेवकाची खोलीही शोभत नाही, ती रिकामी करायला सांगितलं. तिथं मामींच्या उशीवर एक पांढरा केस अजून होता. तो उचलायचं मामांचं धाडस होत नव्हतं.

मामांनी अर्ज दिला. वर चढण्यासाठीचे अर्ज कमिटीला पाठ होते. हा कुठल्या फायलीत लावायचा, हे सेक्रेटरींना आजही ठरवता आलेलं नाही:

"मा. अध्यक्षसाहेब, सविनय विनंती की, अर्जदारास पंच या पदावरून खाली उतरवून पूर्ववत सेवक करण्यात यावे, व ज्या खोलीत त्याची पत्नी वारली, तेथूनच चर्च झाडावयास येण्याची परवानगी मिळावी."