फक्त संशोधनासाठी

बारकी पन्नाशीला टेकली होती, पण दादासाठी ती बारकीच. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादानं स्वतःचं शिक्षण सोडून लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं आणि तिला रसायनशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचवलं. त्या उपकाराची त्यानं कधी आठवण करून दिली नाही. ते काम वहिनी करायची.

बारकीच्या कंपनीत प्रयोगशाळांना लागणारी प्रथिनं बनायची. तिच्या वाट्याला आलं होतं ते पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक एन्झाइम. त्यासाठी कुणाची ग्रंथी लागत नसे. त्या एन्झाइमचं माणसातलं जनुक काचपात्रात वाढवलेल्या पेशींमध्ये घालायचं, त्या पेशी ते बनवून सोडायच्या. मग ते गाळून, शुद्ध करून, बोटाच्या पेराएवढ्या बाटल्यांत थेंब थेंब भरायचं आणि गोठवायचं. दादा सगळ्यांना सांगत सुटायचा, आमची बारकी औषधं बनवते. चारचौघांत त्याला कशाला तोंडघशी पाडायचं, म्हणून ती गप्प राहायची.

दादाची पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम केलं त्याचं हे फळ. तपासण्या झाल्या आणि कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय. वहिनीनं रिपोर्ट बारकीपुढे ठेवला आणि एका नावावर बोट टेकवलं. हे तुमच्याकडेच बनतं ना, म्हणाली. बारकी हो म्हणाली आणि तिथेच फसली.

तिनं परोपरीनं समजावलं. हे औषध नव्हे, दादाच्या रक्तात जे वाढलंय तेच हे. वहिनीच्या डोक्यात एवढंच शिरलं की ते बारकीच्या फ्रीझरमध्ये आहे. लसही रोगाच्याच जंतूंची असते, टीव्हीवर सांगतात, मग ह्याचं औषध का होणार नाही? रोज फोन. बारकी कामावरून घरी पोचून चपला काढते न काढते तोच फोन वाजायचा.

मग एकदा दादाच बोलला. वहिनी आत होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "बारके, एक बाटली आणता येईल का? नाही म्हणालीस तरी चालेल."

उभ्या आयुष्यात त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी तिनं लॅबच्या प्रमुख मॅडमना सगळं सांगितलं आणि भावाला लॅब दाखवायची परवानगी मागितली. बाहेरच्या माणसाला आत घेता येत नाही, मॅडम म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी आण, काचेच्या बाहेर बसव.

दादा आला. वर येताना लिफ्टला कान लावून म्हणाला, दार घासतंय, सांग कुणाला तरी. काचेबाहेर त्याला खुर्ची दिली. बारकीनं जाडे हातमोजे घालून फ्रीझर उघडला, पांढरी वाफ जमिनीवर सांडली. तिनं एक बाटली काचेला लावून धरली. तळाशी बर्फाचा ठिपका होता. दादानं चष्मा सारखा करून लेबल मोठ्यानं वाचलं.

"फक्त संशोधनासाठी. माणसांना देण्यासाठी नाही." तो थांबला. "हेच माझ्या रक्तात जास्त झालंय?"

"हो."

"आणि तुम्ही ते मुद्दाम बनवता."

"मोजता यावं म्हणून, दादा. रक्त तपासायची पद्धत बरोबर आहे का, हे आधी ह्याच्यावर बघतात."

"म्हणजे माझं किती बिघडलंय हे नीट कळावं, म्हणून तुझी नोकरी."

त्यात टोमणा नव्हता. तो हसला, हसता हसता खोकला. त्यानं आकांडतांडव केलं असतं तर बरं, असं बारकीला वाटलं.

घरी जाऊन त्यानं वहिनीला सांगितलं, तिथे औषध नाही, मी डोळ्यांनी बघून आलो. वहिनी म्हणाली, काचेआडून दाखवतील तेच दिसणार. तुम्ही पहिल्यापासून तिलाच पाठीशी घातलंत.

डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी रक्तातला आकडा काही काळ खाली आला, मग पुन्हा चढला. लिफ्ट वरच अडकली गं, दादा म्हणायचा. पुढे तेही बोलेनासा झाला. दवाखान्यातच त्यानं डोळे मिटले तेव्हा बारकी त्याचे तळवे चोळत होती. ते बराच वेळ गारच होते.

घरी माणसं जमली असताना वहिनी शांतपणे म्हणाली, "एकच बाटली मागितली होती हो." बारकी उठून स्वयंपाकघरात गेली. मॅडमनी तिला दुसऱ्या विभागात जायचं का विचारलं, ती गेली.

वर्ष उलटत आलं तेव्हा वहिनी आपणहून बारकीच्या घरी आली. जेवली, इकडचं तिकडचं बोलली. निघताना दारात थबकली.

"आता तरी खरं सांग. त्या बाटलीनं काही झालं असतं?"

बारकीनं तिला परत बसवलं आणि पेशींपासून सगळं पुन्हा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदर सारखा केला.

"बरं," म्हणाली, आणि वाकून चपला शोधायला लागली.